घरातला डॉल्बी आणि मिरवणुकीतला डॉल्बी

हा एपिसोड ऐकायच्या ऐवजी वाचताय म्हणजे एकतर ऑफिसात आहात, नाहीतर एसटीत बसल्यावर इअरफोन घरी राहिल्याचं लक्षात आलंय. चालतंय. बोललो तसंच खाली उतरवलंय, मधले ‘अं’ आणि ‘म्हणजे कसंय’ तेवढे काढलेत.

आजचा विषय तुम्हीच दिलाय. कराड, विटा, इस्लामपूर, फलटण, मिरज, कुठूनही मेसेज येऊ दे, प्रश्न एकच. ‘दादा, ४०-५० हजारांत होम थिएटरचा रिसीव्हर घ्यायचाय, कोणता घेऊ?’ मी मॉडेल सांगायच्या फंदात पडत नाही. उलट विचारतो, तुमच्या ओळखीत ज्याच्याकडे आधीच आहे, तो काय म्हणतो? मग जी मतं येतात ती ऐकण्यासारखी असतात. डेनॉन असो, यामाहा असो, सोनी असो की ऑन्कियो, मतं तीच. पहिलं, ‘आवाज कमी वाटतो, मंडळाच्या सेटपुढे काहीच नाही.’ दुसरं, ‘मारामारी जोरात ऐकू येते, डायलॉग मात्र ऐकू येत नाहीत.’ तिसरं, ‘घरच्यांनी दोन दिवसांत बंद करायला लावला.’ आणि मधेच एखादा म्हणतो, ‘आता टीव्हीच्या स्पीकरवर पिक्चर बघवतच नाही.’

डबा तोच, किंमत तीच, तरी एक खूश आणि तिघं नाराज. मी स्पेसिफिकेशनचे तक्ते वाचून पाहिले, त्यात याचं उत्तर नाही. उत्तर आहे आपल्या कानाला आधी कशाची सवय लागली यात. म्हणून आज सातारा-सांगलीच्या कानांचा इतिहास. तोही एका शब्दाला धरून, जो तुमच्या रिसीव्हरच्या पुढच्या बाजूला छापलाय आणि गणपतीत तुमच्या गल्लीतूनही जातो. डॉल्बी.

पण आधी ‘रिसीव्हर’

पहिली शंका मला कॉलेजात असल्यापासून होती. या डब्याचं मुख्य काम काय? आवाज मोठा करून पाच-सात स्पीकरना वाटून देणं. मग याला अॅम्प्लिफायर न म्हणता रिसीव्हर का म्हणतात? कारण त्याच्या आत रेडिओचा ट्यूनर असतो. आजही असतो, एफएमची पातळ वायरसुद्धा खोक्यात येते आणि आपण ती न उघडताच फेकून देतो.

तर हा शब्द मूळ रेडिओचा. आपल्याकडे १९३३ साली वायरलेसचा कायदा आला आणि परवान्याशिवाय रेडिओ संच बाळगणं गुन्हा ठरलं. तेव्हापासून जवळजवळ पन्नास वर्षं लोक पोस्टात जाऊन दरवर्षी पैसे भरत आणि पुस्तिकेवर शिक्का मारून घेत. त्या परवान्याचं नावच ब्रॉडकास्ट रिसीव्हर लायसन्स. १९८०च्या दशकाच्या मध्याला ते बंद झालं. घरात जुनी लोखंडी ट्रंक असेल तर जरूर बघा, जमिनीच्या उताऱ्यांच्या खाली असलं एखादं पुस्तक सापडू शकतं.

तेव्हा मालकाचं मत कशावरून ठरायचं? पकडतो का, यावरून. मुंबईचं केंद्र १९२७ सालचं, पुण्याचं १९५३चं. सह्याद्रीच्या या बाजूला, कृष्णेच्या खोऱ्यात बसून ती धरायची, आणि शॉर्टवेव्हवर रेडिओ सिलोन लावायचं, तर संचाची खरी परीक्षा व्हायची. घरावर तांब्याच्या जाळीची एरियल ताणलेली, कुणीतरी उठून ती हलवणार, दुसरा आतून ओरडणार, ‘आलं, आलं, आता हलू नको!’ त्या काळात ‘चांगला रेडिओ’ म्हणजे सिलोन स्वच्छ लावणारा रेडिओ. आवाज गोड आहे की कर्कश, हा पुढचा प्रश्न.

१९६३ साली आकाशवाणीचं सांगली केंद्र सुरू झालं. मध्यम लहरी, १२५१ किलोहर्ट्झ. आपल्या भागाच्या दृष्टीनं ही मोठी घटना होती. ट्रान्समीटर जवळ आला, त्यामुळे साध्या ट्रान्झिस्टरवरही स्टेशन खणखणीत लागायला लागलं. रानात बांधावर, पानपट्टीवर, म्हशीच्या गोठ्यात खुंटीला अडकवलेला. पकडण्याची चिंता मिटली की माणूस पुढचं ऐकायला लागतो. फिलिप्स गोड की मर्फी, बुशचा लाकडी डबा बरा की नवा प्लास्टिकचा, या गप्पा तेव्हाच्या. आजच्या ‘डेनॉन वॉर्म आहे, यामाहा ब्राइट आहे’ या चर्चेचे आजोबाच म्हणा ना.

त्याच वर्षी चंदीगडला

आता गंमत बघा. १९६३. इकडे सांगलीत केंद्र सुरू होतंय, आणि त्याच वर्षी एक तीस वर्षांचा अमेरिकन इंजिनिअर भारतात नोकरीला येतो. युनेस्कोचा तांत्रिक सल्लागार म्हणून, चंदीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्थेत. नाव रे डॉल्बी. होय, तोच. डॉल्बी हे माणसाचं आडनाव आहे, हे मी इथल्या लोकांना सांगतो तेव्हा दहातले आठ जण हसतात. त्यांना वाटतं मी फेकतोय.

हा माणूस विशीत असतानाच अॅम्पेक्स या अमेरिकन कंपनीत, पहिला व्यवहारात चालणारा व्हिडिओ टेप रेकॉर्डर बनवणाऱ्या टीममध्ये होता. मग केंब्रिजला पीएचडी, मग चंदीगड. इथं दोन वर्षं असताना तो फावल्या वेळात आपलं संगीत टेपवर रेकॉर्ड करायचा. आणि तिथं त्याला एक गोष्ट खुपली. टेपचा ‘स्स्स्’.

ज्यांनी कॅसेट पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. टेपवर चुंबकीय पावडरीचा थर असतो, आणि त्यावर काहीही रेकॉर्ड केलं नाही तरी वाजवताना तो बारीक सुस्कारत राहतो. ड्रम, ट्रम्पेट चालू असताना तो ऐकू येत नाही, झाकला जातो. पण आपली मैफल कुठून सुरू होते? नुसता तानपुरा. मग हळूच एखादा सूर, पुन्हा थांबणं. त्या शांत जागांमध्ये हा सुस्कारा उघडा पडतो. त्यावरच्या उपायाची कल्पना डॉल्बीला भारतातल्या या मुक्कामात सुचली. १९६५ साली त्यानं लंडनला जाऊन कंपनी काढली, आणि पुढच्या वर्षी डेक्का या रेकॉर्ड कंपनीनं ती यंत्रं पहिल्यांदा विकत घेतली.

उपाय काय होता? आपण कोडवाले लोक आहोत तर असं समजा: एन्कोड आणि डीकोड. रेकॉर्ड करताना फक्त हळू आवाज तेवढे उचलायचे, मोठे तसेच ठेवायचे. टेपचा सुस्कारा त्यानंतर येऊन मिसळतो. वाजवताना उलटं करायचं, जे उचललं होतं ते नेमकं तेवढंच खाली आणायचं. मूळ आवाज जागच्या जागी येतो आणि मधे घुसलेला सुस्कारा त्याच्यासोबत खाली जातो, साधारण १० डेसिबलनं. सगळ्या पट्ट्यांत एकदम न करता, आवाज चार पट्ट्यांत वाटून प्रत्येकीत वेगळं करायचं, ही त्यातली खरी हुशारी.

म्हणजे डॉल्बी या नावाचा पहिला अर्थ काय, तर नको असलेला आवाज कमी करणं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बटण दाबलं की आवाज बसतो

१९६८ला घरगुती टेपसाठी स्वस्त आवृत्ती आली, डॉल्बी बी. पुढे कॅसेट डेकवर त्याचं छोटं बटण यायला लागलं. ऐंशीच्या दशकात आपल्याकडे कॅसेटचा पूर आला, टेप-डेक घराघरात आले, आखातातून सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांनी जपानी डेक आणले. आणि या बटणाबद्दल मालकांचं मत काय होतं माहितीये? ‘ते बंद ठेव, दाबलं की आवाज बसतो.’

त्यांचं चूक नव्हतं. डॉल्बीत भरलेली नसलेली कॅसेट डॉल्बी लावून वाजवली, तर मशीन बिचारं जे कधी उचललंच नव्हतं तेही खाली आणतं. झांजा, बांगड्या, ‘स’ आणि ‘श’, सगळं मऊ पडतं. आणि उलट, डॉल्बीत भरलेली कॅसेट डॉल्बी न लावता वाजवली तर चकचकीत वाजते. दुकानात उभं राहून ऐकणाऱ्याला चकचकीतच आवडणार. त्यामुळे जगातला एक हुशार शोध आपल्याकडे बटण बंद ठेवूनच वापरला गेला. बाकी जगातही बऱ्याच जणांनी तेच केलं, आपण एकटे नाही.

याच काळात आपल्या भागात एक वेगळीच जमात तयार झाली, ज्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही. तालुक्याच्या गावातला रेडिओ दुरुस्तीवाला. त्याच्याकडे २एन३०५५ नावाचा जाडजूड धातूच्या टोपीचा ट्रान्झिस्टर असायचा, नंतर सान्योचा एलए४४४० हा आयसी आला. हा आयसी १२ व्होल्टवर चालतो, म्हणजे ट्रॅक्टरच्या बॅटरीवर. उसाचा हंगाम सुरू झाला की दोन ट्रॉल्या ओढत कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरवर जे वाजायचं, त्याच्या मागे बहुतेक वेळा हाच मुंगीएवढा आयसी. कागदावर तो एका बाजूला ६ वॉट देतो, दोन्ही बाजू जोडल्या तर १९. आणि घरात? प्लायवूडचा खोका, वर सनमायका, स्पीकर थेट मातीच्या माठात उलटा बसवलेला, बास घुमायला. हसू नका, माठ खरंच घुमतो, त्याचं शास्त्र तेच आहे जे खोक्याचं.

या अॅम्प्लिफायरबद्दल मालकाचं मत दोन गोष्टींवर ठरायचं. बास किती, आणि बिघडला तर आजच्या आज दुरुस्त होतो का. या दुसऱ्या मुद्द्यावर आजचे ५० हजारांचे रिसीव्हर सपशेल मार खातात, आणि माझ्या मते तालुक्यातल्या मालकांची खरी नाराजी इथंच आहे. एचडीएमआयचा बोर्ड गेला तर गावातला माणूस हात लावत नाही. आठ-नऊ किलोचा डबा थर्माकोलसकट पुण्याला पाठवायचा आणि वाट बघायची. माझ्या ओळखीतल्या एकाचा असाच तीन महिने अडकला होता. कंपनीचं नाव घेत नाही, सगळ्यांची कथा कमी-जास्त तीच.

नव्वदच्या दशकात बाजारात चारअक्षरी भूत आलं. पीएमपीओ. पीक म्युझिक पॉवर आउटपुट. हातात उचलता येणाऱ्या टू-इन-वनवर ‘१००० वॉट पीएमपीओ’, आणि मागे अॅडॉप्टर बघावा तर सगळा मिळून २० वॉटचा. क्षणाच्या हजाराव्या भागात सैद्धांतिकदृष्ट्या जे निघू शकलं असतं, तो हा आकडा. अमेरिकेत असल्या आकड्यांना कंटाळून १९७४ सालीच नियम झाला होता, की अॅम्प्लिफायरची जाहिरात करायची तर सलग देता येणारे वॉट सांगा. आपल्याकडे दुकानदारानं सांगितला तो आकडा खरा. आजही बजेट ४.१ सेटच्या खोक्यावर चार आकडी वॉट असतात. ते बघून आलेला माणूस जेव्हा रिसीव्हरच्या मागे ‘७०’ बघतो, तेव्हा त्याला वाटतं आपल्याला गंडवलं.

इथं थोडं गणित, कंटाळू नका. ८८ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा साधा स्पीकर घ्या. १ वॉट दिला तर एक मीटरवर ८८ डेसिबल. १० वॉट दिले तर ९८. १०० दिले तर १०८. म्हणजे दहापट वॉट दिल्यावर कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. दुप्पट वॉटनं फक्त ३ डेसिबलची भर पडते, ती पटकन लक्षातही येत नाही. बारा बाय पंधराच्या हॉलमध्ये पिक्चर बघताना तुमचा ७० वॉटचा रिसीव्हर बहुतेक वेळ १-२ वॉटवर बसलेला असतो. ‘आवाज कमी आहे’ हे मत म्हणूनच मला तांत्रिक तक्रार वाटत नाही. ती तुलना आहे. कशाशी, ते आता.

शब्द उलटा झाला

१९७०च्या दशकात डॉल्बी कंपनी सिनेमात शिरली. १९७७च्या स्टार वॉर्सनं डॉल्बी स्टिरिओ जगभर पोचवलं. १९९२ला बॅटमॅन रिटर्न्सबरोबर डॉल्बी डिजिटल आलं, २०१२ला अॅटमॉस. आपल्याकडे १९९४च्या ‘१९४२ : अ लव्ह स्टोरी’पासून हिंदी सिनेमाच्या जाहिरातीत हे नाव यायला लागलं, आणि मग जिल्ह्याच्या गावातल्या टॉकीजनीही दर्शनी पाट्या रंगवल्या: एसी, डॉल्बी, डीटीएस. पब्लिकनं काय ऐकलं? पडद्यामागून येणारा, छातीत बसणारा दणका. त्या दणक्याचं नाव डॉल्बी पडलं. छायाप्रतीचं झेरॉक्स झालं, वनस्पती तुपाचं डालडा झालं, तसंच.

मग गणेशोत्सवात, लग्नाच्या वरातीत, जयंत्यांना ट्रॅक्टर-ट्रॉलीवर खोक्यांची जी भिंत उभी राहायला लागली, तिलाही तेच नाव मिळालं. कोल्हापूर-सांगली-साताऱ्यात आज कुणालाही विचारा, डॉल्बी म्हणजे काय? कुणी रे डॉल्बीचं नाव घेणार नाही, सॉफ्टवेअरचं नाही, टॉकीजचंही नाही. ‘दोन बेस, दोन टॉप’ हे त्याचं एकक. पोलिसांच्या परवानगीच्या बोलण्यातसुद्धा हेच शब्द. त्या भिंतीत रे डॉल्बीच्या कंपनीचा एक स्क्रूसुद्धा नसतो. सुस्कारा मारणाऱ्याचं नाव आपण गोंगाटाला दिलं.

इथवर गंमत होती. पण ८ सप्टेंबर २०१४ला, विसर्जन मिरवणुकीत, साताऱ्यात जुनी भिंत कोसळली आणि तीन माणसं गेली. डॉल्बीच्या हादऱ्यानं भिंत पडली, अशाच बातम्या तेव्हा आल्या. मी साताऱ्याच्या त्या पेठांमधून हिंडलोय. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूला दगड-मातीचे जुने वाडे, आणि मधून जाणारा असा सेट. बासच्या लहरी लांब असतात, त्या भिंतीला अडत नाहीत, भिंतच हलवतात. काच वाजते, पत्रा वाजतो, छातीचा पिंजरा वाजतो.

कायदा त्याच्या आधीपासून होता. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, आणि वर्षातले १५ दिवसांपर्यंत सरकार १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं. २०१७ला कोल्हापूर परिक्षेत्राचे पोलीस महानिरीक्षक विश्वास नांगरे पाटील, जे मूळचे आपल्याच शिराळा तालुक्यातले, त्यांनी डॉल्बीमुक्त गणेशोत्सवाची मोहीम जोरात चालवली. बऱ्याच मंडळांनी ढोल-ताशा, लेझीम, हलगी परत आणली. काहींनी नाही. तो वाद दरवर्षी नव्यानं होतो आणि मला त्यात पंच व्हायचं नाही. हलगीसुद्धा कानाजवळ वाजली तर काही नाजूक प्रकरण नाही. पण हलगीवाला दमतो, हा फरक मोठा आहे.

माझा मुद्दा रिसीव्हरचा. आपल्या पिढीच्या कानाची फूटपट्टी इथं तयार झालीय. ‘भारी आवाज’ म्हणजे काय, याचं उत्तर आपण सोळाव्या-सतराव्या वर्षी त्या भिंतीसमोर नाचत शिकलो. मग कमावते झाल्यावर ४५ हजार घालून घरात डबा आणतो, आणि तो त्या भिंतीशी तुलना हरतो. हरणारच. तो त्या कामाला बनवलेलाच नाही.

तिसरं मत आठवा, घरच्यांनी बंद करायला लावला. तासगावकडच्या एका श्रोत्यानं सांगितलेलं सांगतो. डबा घरी आला, आईनं खोक्यावरचं नाव वाचलं आणि म्हणाली, ‘ह्ये घरात? बाहेरचं कमी हाय का?’ त्यानं बिचाऱ्यानं दाखवायला म्हणून नेमका स्फोटाचा सीन लावला. झालं. चार दिवस डबा कॉटखाली.

मिरजेची जवारी आणि डब्यातला माइक

आता दुसरं मत, डायलॉग ऐकू येत नाहीत. हे मात्र बरोबर आहे, आणि याचा इलाज बहुतेकांच्या खोक्यातच पडून असतो.

घरातला सराउंड १९८२ला सुरू झाला, पण १९८७ला प्रो लॉजिक आलं तेव्हा मधला स्पीकर खऱ्या अर्थानं कामाला लागला. सिनेमातलं बहुतेक सगळं बोलणं त्या एका सेंटर स्पीकरमधून येतं. डावा-उजवा संगीत आणि वातावरण सांभाळतात, मागचे पाऊस-गर्दी-पक्षी. रिसीव्हरचं मुख्य काम प्रत्येक आवाजाला त्याची जागा देणं. पण आपले हॉल कसे असतात? खाली चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी, चारी बाजूंना प्लास्टरच्या उघड्या भिंती, वर स्लॅब, गालिचा नाही, पडदा असला तर पातळ. टाळी वाजवा, ती दोनदा ऐकू येईल. अशा खोलीत बोलण्याची अक्षरं एकमेकांवर चढतात. त्यात सेंटर स्पीकर शोकेसच्या कप्प्यात आत ढकललेला, शेजारी सत्यनारायणाचा फोटो आणि पोरांच्या ट्रॉफ्या.

म्हणून या किमतीच्या जवळपास प्रत्येक रिसीव्हरसोबत एक छोटा माइक येतो. डेनॉन त्याला ऑडिसी म्हणतं, यामाहा वायपाओ, ऑन्कियो अॅक्युईक्यू. बसायच्या जागी, कानाच्या उंचीवर माइक ठेवायचा, पंखा बंद करायचा. डबा एकेका स्पीकरमधून ठरावीक आवाज काढतो, माइक तो ऐकतो, आणि कुठला स्पीकर किती लांब, किती हळू, खोली कुठं घुमते याचा हिशेब लावून सुधारणा करतो. दहा-पंधरा मिनिटांचं काम. ज्यांनी नाराजीचे मेसेज पाठवले त्यांना मी विचारलं, माइक लावला होता का? बहुतेकांनी तो खोक्यातून बाहेरच काढला नव्हता.

ही आळशीपणाची गोष्ट मला जास्त लागते, कारण आपण मिरजेच्या शेजारी राहतो. दीडशेहून अधिक वर्षं मिरजेत सतारी आणि तानपुरे बनतात, २०२४ला त्यांना जीआय मानांकनही मिळालं. सतारमेकर गल्लीत कधी गेलात तर भोपळा, लाकूड, नक्षीकाम सगळं बघा, पण जवारी काढतात ते थांबून ऐका. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा पृष्ठभाग कारागीर कणाकणानं घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. मग तारेखाली दोरा घालून तो केसभर पुढे-मागे सरकवतो, आणि एका जागी तो बंद आवाज अचानक उघडतो. तानपुरा मोठा वाजत नाही. तो भरतो. वाद्य तयार झालं तरी ज्या गळ्याला ते साथ देणार त्याप्रमाणे पुन्हा ऐकून लावावं लागतं, हे तिथं कुणाला समजावून सांगायला लागत नाही. आणि चाळीस किलोमीटरवर आपण ५० हजारांचा डबा जोडून थेट व्हॉल्यूमला हात घालतो.

विटा आणि मिरजेच्या ज्या दोन-तीन श्रोत्यांनी माझं ऐकून माइक लावला, त्यांची मतं बदलली. एकानं सेंटरची पातळी आणखी ३ डेसिबल वाढवली आणि जमिनीवर सतरंजी टाकली. त्याचा मेसेज एवढाच: ‘सबटायटल बंद केलं.’

वीज आणि पाणी

आपल्या भागातल्या मालकांच्या मतांमध्ये दोन गोष्टी अशा येतात ज्या परदेशी रिव्ह्यूत कधीच सापडणार नाहीत.

एक वीज. कोयनेचा १९६० मेगावॉटचा प्रकल्प साताऱ्याच्या पाटण तालुक्यात, आणि दोन हजारच्या दशकात तासन्‌तास भारनियमन त्याच साताऱ्यात. आता भारनियमन तसं राहिलं नाही, पण व्होल्टेज अजून झोके खातं, आणि वळवाच्या पावसात वीज पडली की केबलमधून एचडीएमआयचा बोर्ड जातो. त्यामुळे इथला अनुभवी मालक पहिला सल्ला आवाजाचा देत नाही. तो म्हणतो, स्टॅबिलायझर लाव, आणि ढग आले की सेटटॉप बॉक्सची केबलसुद्धा काढ. स्वस्त, चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर रिसीव्हर चालवू नका, गुरगुरतो आणि तापतो. आणि तापण्यावरून आठवलं, वर कमीत कमी वीतभर जागा मोकळी ठेवा. क्रोशाचा रुमाल टाकू नका. आई टाकणारच, तुम्ही काढा.

दुसरं पाणी. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. नदीकाठच्या पेठांमध्ये लोकांनी टीव्ही, फ्रिज, मिक्सर वरच्या मजल्यावर नेले, ज्यांना वरचा मजला नव्हता त्यांचं राहिलं. २०२१ला पुन्हा तेच. सांगलीच्या एका श्रोत्याचं मत मी कुठल्याही मासिकात वाचलेलं नाही: ‘भिंतीवरच्या कपाटात बसणारा हलका घे. जमिनीवरचा सबवूफर मात्र गेला म्हणूनच धर.’

आता रात्रीचं. तुमच्या रिसीव्हरच्या मेनूत ‘नाइट मोड’ किंवा ‘डायनॅमिक रेंज’ नावाची सेटिंग असते. डॉल्बीच्या ध्वनिपट्टीत ही माहिती आधीच भरलेली असते. ती लावली की मोठे आवाज खाली येतात आणि हळू बोलणं वर येतं. ओळखीचं वाटतंय ना? हळू आवाज उचलायचा, १९६५चीच युक्ती, फक्त यावेळी परत खाली आणायचा नाही. बऱ्याच डब्यांवर व्हॉल्यूमचा आकडा उणेमध्ये दिसतो. माइक लावून झाल्यावर शून्य म्हणजे टॉकीजची पातळी, सरासरी ८५ डेसिबल आणि एका स्पीकरचा दणका १०५पर्यंत. घरात शून्यावर जायची गरज कधीच पडत नाही.

तो तासगावकडचा श्रोता, ज्याचा डबा कॉटखाली गेला होता, त्यानं नंतर माइक लावला, नाइट मोड चालू केला आणि एका रविवारी आईला न सांगता जुन्या नाट्यपदांचं रेकॉर्डिंग लावलं, उणे ३५वर. आई स्वयंपाकघरातून आली आणि म्हणाली, रेडिओ कधी आणलास?